मरणावर पोथी बांधत नाहीत

रविवारी सकाळी घाटकोपरहून निघालो तेव्हा पिशवीत एक नारळ होता आणि लाल फडक्यात बांधलेली जाड कादंबरी. कादंबरी वाचून संपली त्या दिवसापासून घास नीट उतरत नव्हता. बायको म्हणाली, "कोणी मेल्यासारखं तोंड करून बसू नका." पण मेलंच होतं ना कोणीतरी.

ही कादंबरी माझा दोस्त गणपत याची. आम्ही दोघे एकाच गिरणीत, एकाच खात्यात. गिरणी बंद पडल्यावर त्याने ही कादंबरी अंधेरीला रद्दीवाल्याकडून घेतली. निम्मी वाचली आणि त्याची नजर गेली. मला म्हणाला, पुढचं तू वाच आणि मला येऊन सांग. मी शाळेत फार गेलो नाही. अक्षरं शिकलो ती गावच्या देवळात, पोथीवर. त्यामुळे मी वाचतो ते मोठ्याने, ओळीवर बोट ठेवून. कादंबरीसुद्धा फडक्यात बांधून ठेवतो. चाळीतली कॉलेजवाली पोरं हसतात. हसोत. पुस्तक जमिनीवर टाकायला मला कोणी शिकवलेलं नाही.

गोष्ट एका सुईणीची, रखमाची. सगळ्या गावाची बाळंतपणं केली तिने. गणपतला मी सांगत आणलं होतं ते इथवर: रखमाला ताप भरलाय, तरी अडलेल्या बाईसाठी ती एकटी डोंगर चढायला निघते. मग गणपत आजारी पडला. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं, तेव्हा लेकीने त्याला मढला आपल्याकडे नेलं. तिथून त्याचा निरोप आला, "रखमाजवळ शेवटी कोण होतं, ते येऊन सांग."

कोणी नव्हतं. जिने गावाला जन्माला घातलं ती वाटेवर एकटी मेली. लिहिणाऱ्याचा मला असा राग आला की काय सांगू. आणि हे मी अंथरुणावरच्या माणसाला सांगायचं?

साकीनाक्यावरून बस धुरळ्यातून अंधेरीला आली. दुसऱ्या बसने वर्सोव्याला उतरलो. कोळीवाड्यात बांबूंच्या वलांडींवर (मासळी वाळवायच्या मांडवांवर) बोंबील लटकत होते. उन्हात ते चांदीसारखे दिसतात, वासाचं मात्र ज्याचं त्याने बघावं. मी कोकणातला, मला तो वास घरचा वाटला. तोवर मी मनाशी ठरवलं होतं. गणपतला सांगायचं, गावातल्या बाया धावत आल्या, रखमाचं डोकं मांडीवर घेतलं. मी आयुष्यात खोटं बोललेलो नाही. पण आज बोलायचं.

खाडी ओलांडायला होडी. होडीवाल्याने हात पुढे केला.

"बाबा, धरा."

"नको. मी समुद्रातच पोहायला शिकलोय."

आणि पाय घसरला! गुडघ्यापर्यंत पाण्यात गेलो, एक चप्पल वाहून गेली. पिशवी मात्र डोक्यावर धरली होती. टोपलीजवळ बसलेली एक कोळीण म्हणाली, "पोहायला शिकला ना बाबा, उतरायला नाय शिकला!" सगळी होडी हसली. मी खाडीकडे बघत बसलो.

गणपतचा जावई मढच्या एका बंगल्यावर राखणदार आहे. तिथे सिनेमाचं शूटिंग चालतं. त्या दिवशीही लग्नाचा खोटा मांडव घातला होता आणि मागच्या खोलीत गणपत पडला होता. अंगाची नुसती काडी झाली होती.

"इलंस?" (आलास?) तो म्हणाला. "चप्पल एकच वाजता. दुसरी खंय?"

"दर्याक दिली."

त्याची लेक सुमन पेज घेऊन आली. उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला सुका बांगडा. "काका, आधी खाऊन घ्या," म्हणाली. पेज पिऊन झाली आणि मी ठरवलेलं सांगितलं. बाया आल्या, मांडीवर डोकं घेतलं, पाणी पाजलं.

गणपत ऐकत होता. मग म्हणाला, "मेल्या, खोटा बोलतंस. तुका जमणा नाय." (खोटं बोलतोस. तुला जमत नाही.) "पुस्तक आणलंस ना? वाच."

सुमन समोर बसलेली, मॅट्रिक झालेली. मी परक्यापुढे वाचत नाही. पण गणपतने मान वळवून कान माझ्याकडे केला होता. फडकं सोडलं. वाचतावाचता बदलावं म्हटलं, तर तेही जमेना. ज्या अक्षरावर बोट, तेच माझ्या तोंडून निघतं. अडखळत, जोडाक्षरं फोडत मी रखमाला डोंगरावर नेलं, झाडाखाली बसवलं. तिने हाक मारली, कोणी आलं नाही. मग शेवटची ओळ आली आणि पुढे कोरं पान.

सुमनने पदर डोळ्यांना लावला. बाहेर खोटी सनई वाजत होती. मी फडक्याची गाठ मारायला घेतली.

"काय करतंस?" गणपत म्हणाला. "मरणार पोथी बांधूची नसता." (मरणावर पोथी बांधायची नसते.)

खरंच की! आमच्या गावची रीत आहे. पोथीत कोणी मेलं तर तिथे थांबायचं नाही. पुढच्या अध्यायाच्या चार ओव्या वाचायच्या, मगच पोथी बांधायची.

"पण पुढे काहीच नाही रे. संपलं."

"मग मागे हा ना?" (मागे तर आहे ना?)

मी पहिलं पान काढलं. पाऊस कोसळतोय, दिवा विझलाय, आणि अंधारात एक पोरगी जन्माला येते, रडते. सुईण विचारते, नाव काय ठेवायचं. म्हातारी आजी म्हणते, रखमा.

"हां," गणपत म्हणाला. "आता बांध."

सुमनने नारळ फोडला. खोबऱ्याचा एक बारीक तुकडा त्याच्या जिभेवर ठेवला, तो कितीतरी वेळ चघळत होता.

परतीच्या होडीत चढताना होडीवाल्याचा हात मी मुकाट्याने धरला. अनवाणी पायाला फळी गार लागली. घरी येऊन लिहायला बसलो ते हे. रखमाजवळ कोणी नव्हतं हे लिहिणाऱ्याने लिहिलंय, आणि ते खोटं नाही, हे मला आता कळतंय. पण आम्ही दोघे तर तिथे होतो.

पुस्तक माझ्याकडेच आहे. दर रविवारी मढला जायचं, पहिल्या पानापासून वाचायचं, असं ठरलंय. त्या डोंगरापर्यंत पुन्हा पोचायचं आहे. मी मुळातच सावकाश वाचतो. आता त्याहून सावकाश वाचणार आहे.