थांबण्याची फांदी

अंबडच्या ज्या कारखान्यात मी प्रेस मशीनचे प्रोग्राम लिहिते, तिथे पेडल दाबता दाबताच हात बाहेर काढायची रीत आहे. पेडलनंतर मशीन क्षणभर थांबतं, मग दणका देतं. तो क्षण तिथल्या बायकांच्या अंगात मुरलेला. एका सोमवारी मशीन थांबलंच नाही आणि मखमलाबादहून येणाऱ्या एका ताईंची उजव्या हाताची बोटं गेली. साहेबांनी अहवालात लिहिलं, कामगाराचा निष्काळजीपणा. झालं, खापर फुटलं. ताईंची भरपाईही अडली आणि नोकरीही.

मला ते पटेना. आदल्या दिवशी आम्ही नवा कंपायलर वापरून तोच जुना प्रोग्राम मशीनवर चढवला होता, एक ओळही न बदलता. कंपायलर आमचं लिखाण मशीनच्या भाषेत उतरवतो, आणि त्याआधी मनातल्या मनात त्यातल्या सूचनांचं वंशावळीसारखं झाड करतो, एवढं कॉलेजात घोकलं होतं. ते झाड मी पहिल्यांदाच छापून पाहिलं. ‘पेडल दाबलं तर’ ही वरची गाठ, तिच्याखाली थांबणं आणि दणका अशा दोन फांद्या. कंपायलरने साफसफाई केल्यावर दणक्याची एकच उरली होती. थांबण्यासाठी आम्ही मशीनला नुसतेच आकडे मोजायला लावायचो. त्या मोजणीचा पुढे कुणालाच उपयोग नाही, म्हणून कंपायलरने ती छाटून टाकली. त्याच्या नियमाने बरोबरच होतं ते.

साहेबांना दाखवलं तर लगेच कळलं. दुपारपर्यंत सगळ्या मशीनी दुरुस्त झाल्या. अहवालाचं विचारलं तर म्हणाले, “गेलाय तो वर, आता कशाला उकरायचं?” मला इतका संताप आला की जेवण गेलं नाही.

संध्याकाळी ताईंच्या घरी गेले. त्यांचे यजमान त्यांना भाकरी कुस्करून देत होते. झाडबिड काही न सांगता मी म्हटलं, “ताई, तुमचं चुकलं नाही. मशीन थांबलंच नव्हतं.”

त्या नवऱ्याकडे वळल्या. “मी सांगत व्हते ना. रोजच्यावानीच हात काढला व्हता.”

यजमान मान खाली घालून भाकरी कुस्करत राहिले.

“मॅडम, हे साहेबाला सांगितलं का?” ताईंनी मला विचारलं.

“सांगितलं.”

“मग?”

“सगळ्या मशीनी दुरुस्त केल्या.”

“बरं झालं,” त्या म्हणाल्या. “अन् माझं?”