बाप असताना काढलेले केस

“टोपी काढ म्हणलं ना!” तात्या ओरडले तेव्हा मी ओसरीवर शेजाऱ्यांच्या घरून आलेल्या चहाचा कप धरून बसलो होतो. मांडीवर माझी बॅग होती. बॅगेत सलाईनच्या बाटल्या, स्प्रे, कापूस आणि लहान मुलांचा शाम्पू. ओसरीवरच्या माणसांपैकी हे फक्त दोघांना माहीत होतं. एक मी, आणि दुसरा ज्याला टोपी काढायला सांगत होते तो संदीप.

थोड्याच वेळापूर्वी याच तात्यांनी, म्हणजे संदीपच्या चुलत्यांनी, माझं कौतुक केलं होतं. संदीपनं माझी ओळख “कंपनीतला मित्र” अशी करून दिली होती. तात्यांनी गाव विचारलं. मी गोंदियाकडचा म्हणालो.

“बघा,” तात्या सगळ्यांना म्हणाले, “सख्खे पाव्हणे फोनवर भागवायलेत, आन हे पोरगं कुठलं गोंदियाचं, एसटीनं, जीपनं उन्हात आलं. याला म्हणत्यात माणुसकी.”

दोन म्हाताऱ्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी कपात बघत राहिलो. मी भेटायला आलोच नव्हतो. मला कामावरून पाठवलं होतं.

माझं काम आधी सांगतो. मी छत्रपती संभाजीनगरात एका हेअर ट्रान्सप्लांटच्या क्लिनिकमध्ये टेक्निशियन आहे. नववीत शाळा सुटली. क्लिनिकमध्ये लागलो तो फरशी पुसायला. तिथल्या डॉक्टर मॅडमनी माझा हात स्थिर आहे हे बघितलं आणि शिकवलं. आज मी जे काही आहे ते त्यांच्यामुळं, आणि उद्या काही चुकलं तर पुन्हा फरशीवर, ही भीती रोज सोबत असते.

डोक्याच्या मागचे केस सहसा गळत नाहीत. तिथून एकेक केस मुळासकट काढायचा आणि पुढं टकलावर लावायचा. त्या मुळासकट केसाला ग्राफ्ट म्हणतात. आमच्याकडे भाताची रोवणी असते, मला ते तसंच वाटतं. एका बांधीतून, म्हणजे खाचरातून, उपटायचं, दुसरीत लावायचं. पण त्याआधी सगळं डोकं मशीननं बारीक करावं लागतं. ते काम माझ्याकडे असतं. नंतरची काळजीही माझ्याकडे. डोक्यावर खपल्या धरतात, त्या भिजवून हलक्या हातानं धुवायच्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कपाळावरची सूज डोळ्यांवर उतरते. पेशंट घाबरतात. मी त्यांना सांगतो, ही जाणारच आहे.

संदीप चितेगावला एका कंपनीत सुपरवायझर. पुंडलिकनगरात भाड्यानं खोली. लग्नासाठी दोन-तीन ठिकाणी फोटोतलं टक्कल बघूनच नकार आला होता. घरी न सांगता त्यानं ऑपरेशन केलं. गावाकडं सांगितलं, ऑडिट चालू आहे, सुट्टी नाही. सूज उतरत होती तोवर वडील वारले. शेतातून येऊन बसले ते उठलेच नाहीत. संदीप टोपी घालून गावी गेला. आग द्यायच्या आधीची अंघोळ केली तीही टोपी घालूनच. सूज गेली, पण ती घट्ट टोपी दोन दिवस डोक्यावरून निघाली नाही. मग त्यानं मला फोन केला. पुढं पाणी सुटतंय, वास येतोय. फोटो पाठव म्हणालो तर अंधारात काढलेला फोटो आला.

सुतकात त्याला घराबाहेर पडता येत नव्हतं. मॅडम म्हणाल्या, “तू जा. केसांचं नंतर बघू, इन्फेक्शन आहे का ते आधी सांग मला.”

म्हणून मी त्या ओसरीवर होतो.

“काढ की,” तात्या म्हणाले. “बापाला पाणी पाजताना टोपी, आग देताना टोपी. लाज वाटती का नाय तुला?”

संदीपनं टोपी काढली.

मी तसली डोकी बघायला सरावलेलो आहे. लोक नव्हते. सगळं डोकं बारीक भादरलेलं, पुढं लाल ठिपक्यांच्या ओळी, खपल्या, एका बाजूला पिवळसर ओल. कोणीतरी “अरे देवा” म्हणालं. पण तात्यांनी खपल्या बघितल्याच नाहीत. त्यांनी भादरलेलं बघितलं.

“कवा काढले केस?”

संदीप हातातली टोपी चुरगळत राहिला.

“दहावा व्हायचाय अजून. कवा काढले?”

“मागच्या आठवड्यात.”

आमच्याकडेही हेच आहे. बाप असताना मुलगा डोकं भादरत नाही. बाप गेल्यावरच भादरतात. मी शेकडो डोक्यांवर मशीन फिरवली, पण ते काम समजून. त्या ओसरीवर पहिल्यांदा ते मला त्या लोकांच्या नजरेनं दिसलं.

“बाप जिता असताना भादरलंस,” तात्या हळू आवाजात म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. “कोणी केलं हे?”

संदीपनं माझ्याकडे बघितलं. त्याला बघायचं नव्हतं बहुतेक, पण नजर गेली. सगळ्यांच्या नजरा त्याच्या मागून आल्या.

“हा क्लिनिकमधून आलाय,” संदीप म्हणाला. “यानंच मशीन फिरवली.”

तात्यांनी माझ्याकडे वरून खाली बघितलं. “म्हंजी तू धंद्यावर आलाय व्हय? आन मी तुझं गुणगान गायलो.”

मी उठलो. कप कुठं ठेवावा ते कळेना. जावं असं वाटलं, पण डोक्यावरची ती पिवळी ओल दिसत होती, आणि मॅडमना काय सांगणार होतो?

तेवढ्यात आतून संदीपची आई दारात आली. तिनं सगळं ऐकलं होतं. ती तात्यांशी बोलली नाही, मुलाशी बोलली.

“जायच्या आधी त्यांनी व्हिडिओ लावला होता तुला. तू कट केलास. ह्याच्यामुळं?”

“तोंड सुजलं होतं, आई. डोळे उघडत नव्हते. मी म्हणलं सूज गेली की मीच लावीन.”

“मला म्हणले, पोरगं तोंड दाखवंना. कशाचा राग आलाय त्याला, इच्यारून बघ.”

संदीप खाली बसला. मी त्याच्या मागं उभा होतो, आणि सुजेच्या त्या दिवसांत मीच त्याला फोनवर हसून सांगितलं होतं, सर, चार दिवस कोणाला तोंड दाखवू नका, ओळखणार नाहीत. हे आम्ही सगळ्यांनाच सांगतो. पेशंट हसतात, त्यांना धीर येतो.

आई माझ्याकडे वळली. “दुखतंय का त्याला?”

“खाज येत असेल, काकू. दोन-तीन ठिकाणी पू आहे. धुवावं लागेल, औषध लावावं लागेल.”

“मग धू.”

“शाम्पू लागेल,” मी म्हणालो. सुतकात त्या घरात साबण-तेल कोणी लावत नव्हतं.

“धू म्हणलं ना.”

न्हाणीत संदीपला पाटावर बसवलं. नळाची धार या डोक्यावर चालत नाही, पाणी अगदी जवळून, हळू सोडावं लागतं. मी तांब्या मागितला तर तो आईनंच हातात घेतला. ती पाणी सोडत होती, मी बोटाच्या टोकांनी फेस लावत होतो. खपल्या सुटून पाण्यात जात होत्या. “असं?” ती मधूनमधून विचारायची. “असंच, काकू,” मी म्हणायचो.

मॅडमना फोटो पाठवले. त्यांनी गोळ्या लिहून पाठवल्या. मग खरा प्रश्न आला, तो तात्यांनी काढला. “दहाव्याला वस्तरा फिरवावा लागंल. नाय फिरवला तर पिंड माझा पोरगा देईल. लोकांना मी तोंड देणार नाय.”

फोनवर मॅडमनी स्पष्ट सांगितलं. मागच्या भागावर वस्तरा चालेल. पुढं नको. कातडी कच्ची आहे, रक्त येईल, काही केस कायमचे जातील. “आणि तू ठरवू नकोस,” त्या म्हणाल्या. “सांग आणि गप्प बस.”

मी सांगितलं आणि गप्प बसलो.

निघताना आई म्हणाली, “दहाव्याला तू ये. मशीन तू फिरवली ना, मग वस्तरा फिरताना जवळ थांब.”

दहाव्याला मी गोदावरीच्या काठी गेलो. पुढचा भाग सुकला होता, पू नव्हता. तात्यांनी मला बघून तोंड फिरवलं. न्हाव्यानं पाणी लावलं आणि मला विचारलं, “कुठून सोडू?” मी बोटानं रेघ दाखवली. मागचं काढा, पुढं नुसतं पाणी लावा.

संदीपनं माझा हात बाजूला केला. “सगळं काढा, काका. सगळ्यांचं काढता तसं.”

न्हावी थांबला. माझ्याकडे बघितलं, तात्यांकडे बघितलं. वस्तरा फिरला. मागं सोपं गेलं. पुढं डाव्या बाजूला आल्यावर बारीक बारीक रक्त आलं, ते पाण्याबरोबर कपाळावर उतरलं. संदीपनं डोळे मिटले नाहीत. न्हाव्यानं पुन्हा वस्तरा टेकवला तसे तात्या पुढं झाले आणि त्यांनी त्याचं मनगट धरलं.

“बास. झालं. बास म्हणलं ना!”

मग स्वतःच्या उपरण्यानं पुसायला निघाले. मी ओरडलो, “तात्या, पुसू नका, टिपा!” ते थांबले. उपरणं माझ्या हातात दिलं. मी ते बाजूला ठेवलं, बॅगेतून कापूस काढला आणि टिपलं. पिंड संदीपनंच दिला.

पुढचं वर्ष नियमाप्रमाणं गेलं. लावलेले केस आधी गळतात, मग काही महिन्यांनी नवे येतात. संदीपचे आले. चांगले आले. फक्त डाव्या बाजूला कपाळाच्या वर दोन बोटांएवढी जागा मोकळी राहिली. मॅडम म्हणाल्या, एवढं भरून देऊ, पैसे नकोत. संदीप आरशात बघून म्हणाला, “ते राहू द्या, मॅडम.” मला वाटलं तो माझ्यावर रागावलाय. जाताना त्यानं मला मिठी मारली, तेव्हा तर फोनवरचं माझं ते ‘तोंड दाखवू नका’ आठवून मला आणखीच लाज वाटली.

आता मशीन चालू करायच्या आधी मी विचारतो, “आईवडील आहेत का? त्यांना माहीत आहे का?” काही जण हसतात. काही चिडतात. एक जण उठून गेला, तर मार्केटिंगचा माणूस माझ्यावर ओरडला, तू पेशंट पळवतोस म्हणाला. मॅडमनी ते ऐकलं आणि मला एवढंच सांगितलं, “विचारत जा.”

विचारताना समोरच्याच्या डोळ्यांत मला अजून बघता येत नाही. मी डोक्याकडेच बघतो. कामच तसं आहे, त्यामुळं कोणाच्या लक्षात येत नाही.