नकाराला कुठलं कलम लावता?

त्या बाईनं माझी हनुवटी दोन बोटांत धरली आणि तोंड उजेडाकडं फिरवलं. बाजारात कालवडीचं तोंड फिरवून बघत्यात ना, तसं. दुकानात गिऱ्हाईक होतं. पीक विम्याला आलेली माणसं, दाखला काढायला आलेली एक पोरगी, तिचा बाप. सगळे बघत होते.

"हीच व्हय ती?" बाई म्हणली. "हिच्यात काय हाय म्हणून माझं लेकरू मरायला निघालं?"

मग माझ्या ओढणीला हात पुसला. माझ्याच. हनुवटीला धरलेला हात.

मी लोहाऱ्याला ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात काम करते. सास्तूरहून जीपनं जाते-येते. ही बाई म्हंजे आमच्या गावच्या आप्पांची बायको, मालकीणबाई. आप्पांची मोठी बागायत, घरापुढं गाड्या. माझा बाप त्यांच्याच ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. आमच्या घरात कुणी शिंकलं तरी आप्पांना काय वाटंल हे आधी बघायचं. असं घर आमचं.

त्यांचा पोरगा माझ्या मागं लागलेला. आधी जीपच्या मागं मोटरसायकल, मग मेसेज, मग फोन. म्या सरळ सांगितलं, मला तुमच्याशी लग्न करायचं न्हाय. शिवी न्हाय दिली, हसले न्हाय, कुणाला सांगून त्याची इज्जत काढली न्हाय. तर त्याचा मेसेज आला, "मी जीव देईन. तुझं नाव सांगून देईन. मग बस जेलात."

म्या घाबरून आईला दाखवलं. आई म्हणली, मोठ्या घरचं पोरगं हाय, बोलतंय नुसतं.

नुसतं न्हवतं. त्यानं खरंच जिवाचं काहीतरी करून घेतलं. वाचला. आणि दुसऱ्या दिवशी त्याची आई दुकानात.

दुकानाबाहेर त्यांच्या गाडीत माझा बाप आधीच बसवलेला होता. ड्रायव्हरच्या शेजारी, अंग चोरून. माझ्याकडं बघितलंच न्हाय त्यानं. मला मागं घातलं, एका बाजूला मालकीणबाई, दुसऱ्या बाजूला त्या पोराचा मामा. उमरग्याच्या दवाखान्यापर्यंत मामा एकटाच बोलत होता. शांत बोलत होता, त्याचीच जास्त भीती वाटली.

"आत्महत्येस प्रवृत्त करणे. पयलं कलम तीनशे सहा होतं, आता एकशे आठ म्हणत्यात. धा वर्षं. त्याला परत काय झालं आन् मरताना तुझं नाव घेतलं, की संपलं. तुझ्या बापालाबी घेत्यात सोबत."

बापाची मान अजून खाली गेली.

खोलीत तो कॉटवर टेकून बसलेला. हाताला सलाइन. मोबाइल बघत होता. मी आत आले तसा त्यानं मोबाइल उशीखाली सारला आणि हसला.

"आलीस ना शेवटी."

खरं सांगते, तोपर्यंत मला त्याची दया येत होती. रस्ताभर मनात येत होतं, आपल्यामुळं एक माणूस मेला असता. त्या हसण्यानं ती दया सरली. तो जिंकल्यासारखा हसला होता.

टेबलावर ताट होतं. नारळ, साडी, हळदकुंकू. तिथंच कुंकू लावून घ्यायचं ठरलं होतं. आमच्याकडं एकदा कुंकू लावलं की पोरगी ठरली, मग मोडली तर नाव पोरीचंच जातं. आणि आता तर नुसतं नाव न्हाय, वरनं केस.

मालकीणबाई म्हणल्या, "आमच्या उंबऱ्याला उभं राहायची लायकी न्हवती तुमची. लेकरासाठी करून घेतोय. उपकार समज."

अंगठा कुंकवात बुडवला. माझ्याकडं आल्या. मागनं बापाचा आवाज, "पोरी, मान वाकव. आपलं घर त्यांच्या हातात हाय."

सगळी खोली त्याच्या जिवाची काळजी करत होती. मला वाटलं, इथं माझाबी एक जीव हाय की. तो कुणी मोजलाच न्हाय. जेल धा वर्षांची म्हणतोय मामा. आणि हे कुंकू? हे किती वर्षांचं?

म्या बाईंचं मनगट धरलं. कपाळापासून वीतभर लांब. ताट कलंडलं, कुंकू फरशीवर.

"म्या त्याला मर म्हणलं न्हाय," म्या म्हणलं. "म्या त्याला न्हाय म्हणलं. त्याला डॉक्टर दावा, मनाचा डॉक्टर. बायको हे औषध न्हाय."

"तोंड बघा हिचं," मामा म्हणला. "हवालदार बोलवू का?"

"बोलवा. न्हायतर मीच जाते."

आणि गेले. चौकीत तासभर बसवून घेतलं, मग म्हणले, मोठ्या घरचं मॅटर हाय, मिटवून घ्या. मग कोर्टाबाहेर एक वकीलबाई भेटल्या. त्यांनी मेसेज वाचले, परत वाचले.

"हे बघ," त्या म्हणल्या. "लग्नाला नकार देणं म्हणजे मरायला लावणं नाही. चिथावणी लागते, मदत लागते, हा मरावा असा इरादा लागतो. कोर्टात हे लोक टिकायचे नाहीत."

माझा जीव भांड्यात पडणार, तर त्या पुढं म्हणल्या, "पण ते कोर्टात. गुन्हा दाखल व्हायला कधीकधी नुसतं नाव पुरतं. अटक झाली तर कोर्टाची पायरी चढेपर्यंत तुझं वय जाईल. म्हणून आज अर्ज द्यायचा. धमकीचा. पोचपावती घ्यायची. मेसेज पुसायचे नाहीत."

चौकीत अर्ज दिला. वकीलबाई सोबत होत्या म्हणून घेतला, न्हायतर घेत न्हवते.

त्याला आता बरेच दिवस झालेत. बापाला ट्रॅक्टरवरनं उतरवलं. तो माझ्याशी बोलत न्हाय, जेवायला बसलो की तोंड भिंतीकडं. पाण्याच्या टाकीवर बाया म्हणत्यात, "पोरीच्या जातीला एवढा माज? मरंल ना ते पोरगं." कुणी म्हणत न्हाय की त्यानं असं का करावं. दुकानासमोर मोटरसायकल उभी असती. गाडी बंद, तो वरती बसलेला, नुसता बघत. त्याला डॉक्टर दावला का न्हाय, कुणाला इचारू? काल नवीन नंबरवरनं मेसेज आला, "यावेळी वाचणार न्हाय. तू पण."

म्या स्क्रीनशॉट काढला. वकीलबाईंना पाठवला. तोच त्याच्या बहिणीलाबी पाठवला, खाली लिहिलं, "तुमच्या भावाकडं लक्ष द्या, त्याला एकटं सोडू नका." निळी टिक आली.

तो मरावा असं मला कधी वाटलं न्हाय. आजबी वाटत न्हाय. तो जगावा, म्हातारा व्हावा. पण त्याला जगवायची जबाबदारी म्हणून मी त्याच्या अंथरुणात जाणार न्हाय. आणि त्यानं जे काय करून घेतलं ते माझ्या कपाळावर पुसू देणार न्हाय.

उद्या पोलीस दारात येतील, येऊ शकत्यात. मला भीती वाटती, लई वाटती. आले तर पळणार न्हाय, दार मीच उघडणार. बापाच्या देखत, टाकीवरच्या बायांच्या देखत म्हणणार, न्हाय म्हणलं होतं, आजबी न्हाय. घाला बेड्या.