एअर काढायला गेलो

२००१ साल. माझं वय एक्कावन्न. कळमनुरीत नांदेड रोडला माझं गॅरेज होतं, आणि शंकरची काळी अंबेसिडर पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा दोरानं ओढून माझ्या दारात आणलेली होती.

शंकर जवळच्या तांड्यावरचा. जुनी गाडी घेतलेली, आधीच्या मालकानं तिला डिझेल इंजिन बसवलेलं. रोज सकाळी हिंगोलीहून सात मास्तर उचलायचे, कळमनुरीच्या पुढच्या शाळांवर सोडायचे, संध्याकाळी परत न्यायचे. घर त्याच फेरीवर चालायचं. त्या दिवशी सोबत एक गुरुजी पण आले होते, घामानं शर्ट भिजलेला.

"मिस्त्री, भर उन्हात सात माणसं रस्त्यावर उभी होती," गुरुजी म्हणाले. "हेडमास्तरांनी दोनदा लेट मार्क लावलाय. सोमवारी ही बंद पडली तर मंगळवारपासून आम्ही जीप लावणार. शंकर, तुझ्यावर राग नाही. पण असं आहे."

शंकर गाडीला बांधलेला दोर सोडायला लागला.

मी म्हणालो, "गुरुजी, निर्धास्त जा. सोमवारी बंद पडली तर मी पाना हातात धरणार न्हाई."

"मागच्या बारीलाबी हेच म्हणले होते," शंकर हळूच बोलला.

मी शाळा तिसरीपर्यंत शिकलो. पण डिझेल इंजिन म्हटलं की माझ्यापुढं कोणी न्हाई, असं माझं मत होतं. पेंटरकडून बोर्डावर 'इंजिन डॉक्टर' लिहून घेतलं होतं. त्यानं 'डॉकटर' लिहिलं, ते मला चार वर्षांनी दुसऱ्या कोणी सांगितलं.

आता रोग सांगतो. डिझेल गाडीत टाकीतून डिझेल ओढायला एक छोटा पंप असतो, फीड पंप. तिथून फिल्टर, मग इंजिन. ह्या रस्त्यात केसाएवढी फट राहिली तरी हवा आत शिरते. इंजिनला डिझेलऐवजी फेस मिळतो आणि ते बंद पडतं. ह्याला आमी 'गाडीनं एअर घेतली' म्हणतो. मग फिल्टरवरचा स्क्रू ढिला करायचा, फीड पंपाचा दांडा हातानं दाबत राहायचं, बुडबुडे संपले की स्क्रू कसायचा. झाली एअर काढून.

शंकरच्या गाडीतून बुडबुडे निघत होते. म्हणजे एअरच. पहिल्या बारीला मी सगळे क्लॅम्प कसले. दुसऱ्या बारीला पाइप आणि फिल्टर नवीन टाकला. दर वेळेस एअर काढली की गाडी चालू व्हायची, आणि मी हात पुसत सगळ्यांकडं बघायचो. पंधरा-वीस किलोमीटरवर ती पुन्हा बंद.

"मिस्त्री, एवढा वेळ ती एअर कुठं झोपते?" शंकरनं विचारलं होतं.

"तू स्टेअरिंग धर. इंजिन मला शिकवू नको," मी म्हणालो होतो.

तिसऱ्या बारीला मी फीड पंप पूर्ण खोलला. वॉशर, स्प्रिंग, सगळं नवीन.

रविवारी ट्रायल घेतली. आधी पेट्रोल पंपावर जाऊन टाकी गच्च भरली. मी पुढं बसलो. मागं शंकरची आई बसली. तांड्यावर आईला याडी म्हणतात; आमी सगळेच तिला याडी म्हणायचो. पासष्टीची असेल, हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या.

"तू कशाला गं?" शंकर म्हणाला.

"बघू दे ना, हा मिस्त्री काय करून राहिला ते."

बारा किलोमीटरवर गाडीनं दोन आचके दिले आणि उभी राहिली. वीसवर बंद पडायची ती बारावर आली. माझ्या रिपेरीनं एवढा फरक पडला होता.

मी उतरलो. स्क्रू ढिला केला, दांडा दाबायला लागलो. दांडा इतका जड की अंगठा सुजायची वेळ आली. नवीन स्प्रिंग आहे, बसंल हळूहळू, असं मी मोठ्यानं म्हणालो. शंकरनं सेल्फ मारला. न्हाई. पुन्हा दाबलं, पुन्हा सेल्फ. न्हाई. आजवर असं झालं नव्हतं. एअर काढली की ती चालू तरी व्हायची. बॅटरी उतरायला लागली. शंकर दरवाजा उघडून तसाच बसून राहिला. "मंगळवारी जीप," एवढंच बोलला.

याडी खाली उतरली. "अरे, बैल असा मधीच थांबला तर आमी आधी त्याचं तोंड बघतो. तुमी मघापासून पोटात हात घालून राहिले."

असं म्हणून ती मागं गेली आणि टाकीचं झाकण फिरवलं.

शूऽऽऽ! मोठ्या माणसानं उसासा टाकावा तसा आवाज झाला. मी स्क्रू टाकून मागं पळालो.

टाकीतून डिझेल कमी होतं तशी तिथं हवा आत जावी लागते. त्यासाठी झाकणाला सुईएवढं भोक असतं. ते बुजलं तर टाकी आतून ओढ धरते, पंपाला डिझेल सोडत न्हाई, आणि त्या ओढीनं डिझेललाच बुडबुडे सुटतात. हवा कुठून आत शिरते ते मी पंधरा दिवस शोधत होतो. गाडी मरत होती ती हवा मिळत नव्हती म्हणून.

मग आधी का चालू व्हायची? काटा खराब होता, म्हणून डिझेल किती आहे ते बघायला शंकर दर वेळेस झाकण उघडून काठी घालायचा. माझं डोकं तेव्हा बोनेटखाली. दुरुस्ती तो करायचा, नाव माझं. आज टाकी भरलेली होती, काठीची गरजच पडली न्हाई.

झाकण हातात घेतलं. त्यावर तेलात कालवलेला शेंदूर, एकावर एक थर, वाळून दगड झालेला.

मी भडकलो. "हे कुणाचं काम? एवढी अक्कल न्हाई का?"

"माझं," याडी म्हणाली. "दर अमावास्येला लावते."

"काहून? झाकणाला कुणी शेंदूर लावतं का?"

"तूच तर सांगितलं! गाडी आली त्या दिवशी मी विचारलं, मिस्त्री, हिचं तोंड कोणतं? तू म्हणला, जिथून पिते ते तोंड. आता मलाच विचारतो काहून!"

शंकर बांधावर बसून हसत सुटला. दहा मिनिटं त्याला उठता येईना. मला वाटत होतं, ती टाकी मलाच ओढून घेईल तर बरं.

याडीनंच ओढणीची पिन काढून दिली. त्या पिननं शेंदूर कोरला, भोक मोकळं केलं, तोंडानं फुंकून बघितलं. एअर काढली. दांडा आता लोण्यासारखा चालला. बॅटरी बसली होती. शंकरनं आणि मी धक्का मारला, याडी स्टेअरिंग धरून बसली. उतारावर गाडी पळायला लागली, तसा शंकर याडीला बाजूला सरकवून आत शिरला आणि गिअर टाकून इंजिन चालू केलं. मग आमी चाळीस किलोमीटर फिरवली. कुठं थांबली न्हाई. मास्तर लोक आपापल्या बदल्या होईपर्यंत त्याच गाडीत बसले.

त्यावरून मी एक शिकलो. गाडी बंद पडली की इंजिनाच्या आधी मिस्त्री मागं काय बोलून गेला ते तपासावं.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, तासभर आधीच दुकान उघडलं. काळी अंबेसिडर सात मास्तर घेऊन समोरून न थांबता गेली. शंकरनं लांबलचक हॉर्न दिला. मी न ऐकल्यासारखं केलं. तेवढ्यात एक मॅटाडोर येऊन लागली. ड्रायव्हर म्हणाला, "मिस्त्री, चढावर आचके देऊन राहिली. एअर घेतली वाटतं."

मी बोनेटला हात लावला न्हाई. त्याला विचारलं, "घरी गाडीची पूजा कोण करतं?"