चार काठ्यांमधला गहू

हन्ना वाक्रूळकर बाई. मी आज जो काही आहे तो ज्यांच्यामुळे, त्यांचं नाव आधी लिहितो. पुढचं मात्र मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं — आईला नाही, बायकोला नाही. बाईंना तर नाहीच.

बाई सोनईजवळच्या आमच्या शाळेत मराठी शिकवायच्या. बेने इस्राएली ज्यू, मूळच्या कोकणातल्या. शनिवारी शिंगणापूरच्या रस्त्याला गाड्यांची रीघ लागायची आणि बाईंच्या खोलीत चूलसुद्धा पेटायची नाही. तो त्यांच्या विसाव्याचा वार. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी दहावी पाहिली नव्हती. माझा कॉलेजचा फॉर्म बाईंनी स्वतः भरला, नगरला स्वतः नेऊन दिला. हे विसरलो तर मी माणूस कसला?

आणि तरी मी काय केलं?

मी नववीत असताना आमच्याकडे पहिल्यांदा हार्वेस्टर आला. त्याआधी गव्हाची सोंगणी हातानं व्हायची, मागं ओंब्या पडायच्या, आणि बिनजमिनीच्या बायका त्या वेचून न्यायच्या. सरवा म्हणतात त्याला. मशीन आल्यावर सरवा संपला. गावात कुणी हूं की चूं केलं नाही. बाईंनी केलं. त्या वर्गात म्हणाल्या, आमच्या धर्मात जुना नेम आहे — शेत सोंगताना कोपरा सोडायचा. तो गरिबाचा. तो कुणी न्यायचा हे मालकानं ठरवायचं नाही. मी विचारलं, म्हणजे दानच ना बाई? "नाही रे," बाई म्हणाल्या, "आमच्यात याला न्याय म्हणतात."

मशीनला वळताना कोपरा सापडत नाही, तो माणसं लावून सोंगावा लागतो, हे आम्हा पोरांना ठाऊक होतं. तेवढाच सोडा, असं घरी विचारून या, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी पहिला हात माझा. आमचे वडील हो म्हणाले, बाई.

वडिलांना मी विचारलंच नव्हतं. विचारायची छाती नव्हती, आणि फळ्यावर पहिलं नाव तर माझंच हवं होतं. बाईंनी ते लिहिलं. सहा घरांत पहिलं.

मी कोपऱ्यावर चार काठ्या रोवल्या, त्यांना पांढरी चिंधी बांधली. वडिलांनी विचारलं तर पाखरांसाठी म्हणून सांगितलं. मग वर्गातल्या संगीताच्या आईला, हौसाबाईला, निरोप दिला — मावशी, रविवारी या, कोपरा तुमचा.

ती आली. दिवसाढवळ्या, विळा घेऊन, कुणापासून न लपता. चोर असा येतो का? पण वडिलांनी तिला पेंढीसकट मारुतीच्या पारावर नेलं. तिथं न्याय करायला कोण बसलं होतं? दरवर्षी शेजाऱ्याचा बांध नांगराच्या दोन-दोन तासांनी कोरणारे. त्यांनी हौसाबाईला, डोईवरच्या एका पेंढीसाठी, चोर ठरवलं. आजही आठवलं की माझं डोकं तापतं — पण ते तापवायचा मला हक्क आहे का?

कारण हौसाबाई म्हणाली, "तुमच्या पोरानंच दिलाय कोपरा. हा काय हुबा हाय, इचारा की त्याला."

सगळे माझ्याकडे वळले. वडिलांनी विचारलं.

"मला न्हाई ठाव," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं. पेंढी पारावरच टाकून ती निघाली. दुपारी मी त्या चारही काठ्या उपटून विहिरीत टाकल्या.

तिला गावात कुणी कामाला बोलावेना. संगीता वार्षिक परीक्षेला बसलीच नाही. मायलेकी केडगावला निघून गेल्या. बाकीच्या पाच घरांनीही हात काढून घेतला — कोपरा सोडला की चोर सोकावतात म्हणे. बाई हटल्या नाहीत. सायकल घेऊन शेजारच्या दोन गावांत दारोदार फिरल्या. तिथं आजही कोपरा सुटतो. आणि तिथल्या कार्यक्रमांत बोलायला कुणाला बोलावतात? मला. पहिला कोपरा आमच्या शेतातला, असं सांगून मी टाळ्या घेतल्या आहेत. लाज हा शब्द इथं फार छोटा आहे.

याहून वाईट अजून सांगायचं आहे. वर्षातून एक दिवस बाईंचा कडक उपास असे. त्याआधी त्या आम्हा पोरांची माफी मागायच्या, खरंच, वर्गात, नाव घेऊन. विनाकारण रागावले होते, माफ कर. माणसाचा केलेला अपराध देव माफ करत नाही, त्या माणसाकडेच जावं लागतं, असा त्यांचा नेम. दहावीत त्या माझ्या बाकापाशी आल्या. हळू म्हणाल्या, "भाऊसाहेब, हौसाबाईच्या बाबतीत मी मनातल्या मनात तुझ्यावर संशय घेतला. चुकलं माझं."

मी काय म्हणालो? "असू द्या, बाई."

मी त्यांना माफ केलं!

गेल्या आठवड्यात मी त्यांना पत्र पाठवलं. ते असं:

ती. बाई, साष्टांग नमस्कार.

हौसाबाईचा कोपरा मीच दिला होता. वडिलांना न विचारता दिला, आणि पारावर खोटं बोललो. आधी केडगावला जाऊन हौसाबाईंना भेटलो. त्या म्हणाल्या, "आता बोलतूयास व्हय? तवा बोलला असतास तर माझी पोर शाळंत ऱ्हायली असती." दार लावून घेतलं. नंतर आमच्या ग्रामसभेत उभं राहून सगळं सांगितलं. वडील पुढंच बसले होते. उठून गेले. तेव्हापासून बोलत नाहीत.

दहावीत तुम्ही माझी माफी मागितली होती. ती मी घ्यायला नको होती. तुमचा संशय खरा होता.

भाऊसाहेब