चाळीस प्रार्थना आणि पहिला हात

मी थोडं वाढवून सांगतो, असं माझी बायको म्हणते. हे साफ खोटं आहे. मी भरपूर वाढवून सांगतो. निजामाच्या रेल्वेत मालगाडीचा गार्ड म्हणून ज्याची उमेदीची वर्षं गेली, त्यानं दुसरं करावं तरी काय? पूर्णा जंक्शनातून गाडी हलली की शेवटच्या डब्यात मी एकटा, हातात एक हिरवं आणि एक तांबडं निशाण, आणि दोन्ही अंगांनी मागं पळणारा जोंधळा. अशा एकांतात माणूस एक तर साधू होतो नाहीतर थापाड्या. साधू व्हायला मला सवड झाली नाही. पण आजची गोष्ट मी अगदी जशीच्या तशी सांगणार आहे. त्या दिवशी मला एकामागून एक असे धक्के बसले की त्यात माझ्या पदरची भर घालायला जागाच उरली नव्हती.

आम्ही ख्रिस्ती. बाप्तिस्मा आजोबांनी घेतलेला. बायको मिशनच्या दवाखान्यात बाळंतपणाचं काम शिकलेली नर्स. लग्नानंतर तिनं नोकरी सोडली होती. रेल्वेचं घर मिळेपर्यंत आम्ही पूर्ण्यात एक खोली घेऊन राहिलो. भिंतीला भिंत लागून एका निवृत्त जमादारांचं घर होतं. निजामाच्या पोलिसात त्यांचा सगळा जन्म गेलेला. मिशा अशा, की एका टोकाला कावळा बसला तर दुसऱ्या टोकाला सावली पडावी. त्यांच्या बेगमला अख्खी गल्ली बडी बी म्हणायची. मुलगा दूर नोकरीला, आणि सून पहिलटकरीण, दिवस भरत आलेली.

या घरानं ख्रिस्ती म्हणून आजवर फक्त टोपीवाला गोरा साहेब पाहिला होता. आमच्यासारखा जोंधळ्याची भाकर खाणारा, उन्हानं रापलेला ख्रिस्ती त्यांना नवीनच. पहिल्याच आठवड्यात जमादारांनी मला ओट्यावर बोलावलं, चहा पाजला आणि पोलिसी थाटात चौकशी सुरू केली.

"गार्डसाब, तुमच्यात नमाज कवा पढतात?"

"आमच्यात ठरलेली वेळ नसते," मी म्हणालो. इथवर खरं होतं.

"वेळ न्हाई? मग अजान कोन देतो?"

"घंटा असते. रविवारी."

"हफ्त्यातून एक डाव?" जमादारांची बशी तोंडाशी जाता जाता थांबली. "अन् तोंड कुनीकडं करून?"

"कुणीकडंही."

"वजू? हातपाय धुनं?"

"आंघोळ करून जातो की."

"डोस्क्यावर टोपी?"

"टोपी काढतो. बायका डोक्यावर पदर घेतात. पुरुष बोडके."

जमादारांनी बशी खाली ठेवली. पुढं बायका आणि पुरुष एकाच छपराखाली, डावी-उजवीकडं बसतात, पेटी-तबल्यावर गाणी म्हणतात, आणि देवाला चक्क 'बापा' म्हणून हाक मारतात, हे ऐकेपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग तीनदा बदलला. आभाळ-धरती निर्माण करणाऱ्याला बाप? त्यांनी दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावला. मग हलक्या आवाजात, जसं एखाद्या बऱ्या घरच्या चोराला विचारावं तसं विचारलं, "म्हंजी तुमी बंदगी करतच न्हाई म्हना की."

इथं माझी जीभ सुटली. शेजाऱ्याला आपण देवाचं नाव न घेणारे वाटतोय, हे मला सोसलं नाही. मी सांगून टाकलं की आमच्यात दिवसाला चाळीस वेळा प्रार्थना. उठल्यावर एक, चुलीला जाळ लागला की एक, इंजिनानं शिट्टी मारली की एक, सिग्नल पडला की एक. माझ्या आजोबांनी तर गोदावरीच्या पुरात उभं राहून अशी प्रार्थना केली, की पाणी दीड कोस मागं सरलं आणि मासे काठावरच राहिले. गावानं तीन दिवस मासे खाल्ले.

"सुभानल्ला," जमादार म्हणाले. मला वाटलं, पटलं.

पटलं नव्हतं. जमादार शेवटी पोलीसच. महिनाभर त्या घरानं भिंतीवरून, खिडकीतून, गच्चीवरून आमच्यावर नजर ठेवली आणि मला पत्ताही लागला नाही.

आमच्या घरात काय चालायचं ते खरं सांगतो. सकाळी दार लोटून आम्ही दोघं चटईवर बसायचो. बायको पवित्र शास्त्रातला एक भाग वाचायची, मग डोळे मिटून आपल्या शब्दांत, मराठीत, प्रार्थना करायची. आजारी माणसांसाठी, प्रवासातल्यांसाठी, माझ्या गाडीसाठी. दर जेवणाआधी दोन वाक्यं. निजताना पुन्हा. दार लोटायचं कारण, प्रभूनं सांगितलंय की प्रार्थना लोकांना दाखवत करू नका, आतल्या खोलीत जा. तिची प्रार्थना लांबायची. सिकंदराबादेहून गाडी निघावी आणि मनमाडला पोचावी, तरी तिची चुलत सासऱ्यांच्या गुडघ्यापाशीच. मधल्या स्टेशनांवर कधीकधी माझा डोळा लागायचा, हेही कबूल करतो.

मग तो दिवस आला. वैशाखातली दुपार होती. शेजारच्या सुनेला पहाटेपासून कळा सुरू होत्या. गावची मुसलमान सुईण आत होती. दुपार कलली तेव्हा ती बाहेर आली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "लेकरू पायाळू हाय. पाय खाली आलेत. माझ्यानं व्हायचं न्हाई. परभनीच्या दवाखान्यात न्या." परभणीची गाडी दिवे लागल्यावर. बैलगाडीत घालून न्यायचं म्हणजे वाटेतच सगळं संपायचं. सुईण ओट्याच्या कडेला बसली ती पुन्हा उठली नाही.

मी भिंतीवरून ओरडलो, "जमादारसाब, माझी बायको नर्स आहे. पायाळू पोरं तिनं कितीतरी काढलीत." खरा आकडा अकरा. मी दोनशे सांगितला.

बायकोनं तोवर पिशवी उचललीसुद्धा होती. आम्ही दोघं त्यांच्या अंगणात शिरलो, आणि आतल्या खोलीच्या दारात बडी बी चौकटीच्या दोन्ही बाजूंना हात लावून उभी. कोपरापर्यंत चांदीच्या बांगड्या, डोळे रडून लाल.

"तू न्हाई, बेटी," ती माझ्या बायकोला म्हणाली. आवाजात राग नव्हता, हेच जास्त भयंकर होतं.

"का, बडी बी?"

"लेकराला दुनियेत पैला हात लागतो, तो नमाजी मानसाचा लागावा लागतो. माझ्या सासूनं मला सांगितलं, तिच्या सासूनं तिला. तू एक डाव बी सजदा करत न्हाईस, जमिनीला कपाळ टेकत न्हाईस. मी सवता बघितलं."

मी गार पडलो. "काय बघितलं?"

मागून जमादार म्हणाले, "सगळं बघितलं, गार्डसाब. मैनाभर. चाळीस नमाज म्हनले ना तुमी? एक बी दिसली न्हाई. सकाळी तुमी चटईवर बसून डुलक्या घेता, अन् बाई तोंडातल्या तोंडात पुटपुटायली. ना वजू, ना कमरेत वाकून रुकू, ना सजदा. शिट्टी तर दिवसभर वाजायली. तुमी एक डाव बी हात उचलला न्हाई."

माझ्या कानात इंजिन सुटल्यासारखं झालं. एक तर एवढी पाळत ठेवली, हाच धक्का. दुसरा असा, की आत एक पोरगी मरणाच्या दारात होती आणि ते दार माझ्या चाळीसच्या थापेनं लावलं होतं. मी दिवसाला चार म्हणालो असतो, तर त्या चटईवर त्यांना चार दिसल्या असत्या. चाळीस शोधणाऱ्याला चार कशा दिसाव्यात?

"बडी बी, ऐका, आमच्यात काय असतं," मी सुरुवात केली.

"गार्डसाब," जमादार म्हणाले, "तुमी गप बसा."

आतून किंकाळी आली. बायकोनं माझ्याकडं पाहिलंही नाही. ती अंगणातल्या चुलीकडं गेली. सुईणीनं पाणी उकळून ठेवलं होतं. तिनं ते घंगाळात ओतून कोमट केलं, पोलक्याच्या बाह्या वर सारल्या, पिशवीतून कार्बोलिक साबणाची तांबडी वडी काढली आणि हात धुवायला लागली. आधी बोटांची बेचकी, मग नखं, मग मनगट, मग कोपरापर्यंत. एकदा. दोनदा. तीनदा. पाणी कोपरावरून खाली निथळू दिलं.

बडी बी बघत राहिली. चौकटीवरचा एक हात खाली आला.

"अजी," ती नवऱ्याला म्हणाली, "बघा, बेटी वजू करायली. कोपरापत्तर. तीन डाव."

जमादार दोन पावलं पुढं आले. त्यांच्या मिशा थरथरल्या. "बराबर हाय," ते पुटपुटले.

देवानं दार उघडलं, असं मला वाटलं. मी म्हणालो, "तेच तर सांगत होतो. हीच आमची वजू. प्रार्थनेआधी आम्ही..."

"नाही," माझी बायको म्हणाली.

मला आजही ते 'नाही' ऐकू येतं. बडी बीचा दुसरा हात चौकटीवरून निसटतच होता. आणखी चार श्वास थांबली असती तर काम झालं होतं.

"नाही, बडी बी. ही वजू नाही. ही दवाखान्याची रीत. बाळंतिणीला ताप येऊ नये म्हणून हात धुतात. प्रार्थनेला आम्हाला पाणी लागत नाही. नमाज आमच्यात नाहीच. यांनी चाळीस सांगितल्या, त्या खोट्या."

मी भिंतीला टेकलो. लग्नाला सहा वर्षं झाली होती, आणि भरल्या अंगणात मला खोटारडा म्हणायला हिला हाच मुहूर्त सापडला. जमादारांचं तोंड उघडंच राहिलं. सुईणीनं कपाळावर हात मारला.

बडी बीचे दोन्ही हात परत चौकटीवर गेले. "मंग तुमच्यात हाय काय?"

"तुम्ही पहाटेपासून काय करायलात, बडी बी?"

"मी? मी काय करनार. लेकराची जान वाचव म्हनायली."

"नमाजाची जानमाज अंथरलीय? सजदा केलाय?"

"चुलीपाशी कुठली जानमाज. उभी हाय तशी म्हनायली."

"त्याला तुम्ही काय म्हणता?"

"दुआ," बडी बी म्हणाली.

"आमच्यात ती हाय," बायको म्हणाली. बोलता बोलता तीही त्यांच्या बोलीवर आली होती. "नमाज न्हाई, दुआ हाय. सकाळी, जेवताना, निजताना, अन् अडलं की उभं असू तिथं. डोळे एवढ्यासाठी मिटतो की मन इकडंतिकडं पळू नये. टोपी काढतात ती राजासमोर काढावी तशी. बाप म्हणतो ते जन्म दिला म्हणून न्हाई, भाकर मागायला जवळचं कुणी पाहिजे म्हणून."

"कबूल होती तुमची दुआ?"

"कधी होती. कधी न्हाई होत. तुमची?"

बडी बीनं आत वळून पाहिलं. आतली पोरगी आता ओरडत नव्हती, नुसती कण्हत होती, आणि ते जास्त वाईट होतं.

"कर मंग," बडी बी म्हणाली. "हितंच. मला ऐकू येईल अशी."

बायकोनं ओले हात कशाला लागू नयेत म्हणून समोर धरले होते. ते तसेच धरून तिनं डोळे मिटले. गाडी मनमाडला पोचली तरी न आटपणारी माझी बायको त्या दिवशी चार वाक्यांत आटपली. हात स्थिर ठेव. आईला राख. लेकराला श्वास दे. आणि माझ्या नवऱ्याच्या जिभेला क्षमा कर.

"आमीन," बडी बी म्हणाली. शेवटच्या वाक्यावर जरा जोरात म्हणाली, असा माझा संशय आहे. मग ती दारातून बाजूला झाली, बायकोच्या मागोमाग आत गेली आणि पडदा पडला.

अंगणात आम्ही दोघे पुरुष उरलो. जमादार मला म्हणाले, "तुमी बी करा दुआ." मी डोळे मिटले आणि हादरलोच. शब्द येईना. ज्यानं थापेत गोदावरी दीड कोस मागं सारली, त्याला एक साधं वाक्य जुळेना. शेवटी नुसतं 'बापा' एवढंच निघालं. डोळे उघडून बघतो तर जमादार माझ्याकडंच बघत होते. असरची, तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची, वेळ झाली होती. त्यांनी वजू केली, ओट्यावर जानमाज टाकली आणि उभे राहिले. त्यांचा सजदा त्या दिवशी फार लांबला. मी खाली अंगणात उभा होतो आणि मला एकदाही डुलकी आली नाही.

आत मधेच बायकोचा आवाज आला, हुकूम दिल्यासारखा. घंगाळात पाणी ओतल्याचा आवाज. बांगड्या काढून भांड्यात टाकल्याचा खणखणाट. मग काहीच नाही. त्या शांततेत मी माझी सगळी थापेबाजी सोडून द्यायचं वचन दिलं. ते पुढं पाळलं नाही, पण दिलं होतं मनापासून.

मग एक बारीक, चिडका आवाज आला, आणि सुईण बसल्या जागी रडायला लागली.

पडदा सरला. बडी बी बाहेर आली. बाह्या कोपरापर्यंत वर, मनगटं बांगड्यांविना मोकळी, कार्बोलिकचा वास आमच्यापर्यंत आला. हातात फडक्यात गुंडाळलेलं लेकरू.

"पोरगी हाय," ती म्हणाली. "आई बी बरी हाय."

जमादार तिच्या हातांकडंच बघत होते. "तू आत काय करायली होतीस?"

"बेटी म्हनली, पैला हात तुमचाच लागू द्या, बडी बी. फडकं घ्या अन् पाय धरा, वढू नका, नुसते धरा. बाकी मी बघते." तिनं नाक ओढलं. "म्या म्हनलं, वजू केलेली हाय माझी, हात पाक हायेत. तर म्हनती कशी, न्हाई चालायचं. बांगड्या काढायला लावल्या. तीन डाव घासायला लावलं मला, नखांसकट. माझी वजू तिला पुरली न्हाई."

आणि ती लेकराच्या कानात अजान द्यायला सांगत नवऱ्याकडं वळली.