पालिकेचा पाठिंबा आणि आमचा ओटला

गेल्या आठवड्यात आम्ही गल्लीतल्या बायका पालिकेच्या झोन ऑफिसात भांडायला गेलो होतो. तेही नटूनथटून... आणि तिथंच सगळं फसत होतं.

आधी भांडण कशाचं ते सांगते. राज्य सरकार एक नवा कायदा आणतंय. घराच्या भिंतीबाहेर जे काही बांधलेलं असेल ते अतिक्रमण, आणि ते नोटीस न देता पाडता येईल, असं त्याच्या मसुद्यात आहे. सरकारनं शहरांचं मत मागवलं आणि आमच्या सुरतच्या पालिकेनं मत तयारही केलं... पूर्ण पाठिंबा! ते गांधीनगरला जायच्या आत कुणाला काही म्हणायचं असेल तर येऊन सांगा, अशी सूचना ऑफिसबाहेर लागली होती.

रस्ते मोकळे हवेत, कबूल. आमच्या गल्लीत अ‍ॅम्ब्युलन्स अडलेली मीही बघितलीय. पण भिंतीबाहेर म्हणजे आमचा ओटला, दारापुढचा ओटा, आणि ओटला म्हणजे माझं काम.

ज्यांना सुरत माहीत नाही त्यांच्यासाठी... आम्ही मूळचे परभणीचे, राहतो बमरोलीत. नवरा लूमवर असतो, मी घरी साड्यांना लेस लावते. लेस लावून झाली की साडी पूर्ण उघडून बघावी लागते. सुटे धागे कापायचे, कुठं डाग लागलाय का बघायचं, मग घडी घालायची.

आता माझी खोली साडीपेक्षा लहान आहे. म्हणून एक टोक माझ्या ओटल्यावर मी धरते आणि दुसरं समोरच्या ओटल्यावर रत्नाकाकू, मूळच्या अकोल्याच्या. मधल्या गल्लीवर साडी ताणलेली, खालून पोरं आणि सायकली वाकून जातात. खाली टेकली की मळली, आणि मळलेली साडी व्यापारी तोंडावर फेकतो. ओटला गेला की माझं काम गेलं, इतकं सरळ आहे.

तर आम्ही निघालो. ऑफिसात जायचं तर नीट जायचं, हे आमच्या डोक्यात अगदी पक्कं. सगळ्यांनी ठेवणीतल्या साड्या काढल्या. मी मोरपंखी नेसले, रत्नाकाकूंनी सोनेरी काठाची जांभळी. पावडर, टिकली, गजरा... कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, लग्नालाच चालल्यात!

आमचं म्हणणं ऐकायला एक गुजराती मॅडम होत्या. स्वभावानं चांगल्या वाटल्या. त्यांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि गोड हसून म्हणाल्या, "तमे तो सारा घरनां लागो छो, बहेन. ओटला पर बेसीने काम शा माटे करो?" म्हणजे, तुम्ही तर चांगल्या घरच्या दिसता, ओटल्यावर बसून काम कशाला करता... मग तुमचं म्हणणं लिहून घेतलं म्हणाल्या आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

माझं डोकंच फिरलं. म्हणजे फाटकं नेसून, रडत आलो असतो तरच आमचं काम खरं होतं का?

मी खुर्चीवरून उठलेच नाही. पदर पुढं ओढला आणि टेबलावर पसरला. "मॅडम, ये देखो, यहाँ छपाई सरक गई है." बघतात तर काय, अख्खी एक कोयरी काठावर चढलेली! तेवढ्यात रत्नाकाकू उठल्या. "माह्या निऱ्यात तं पाहा, वीतभर धागाच तुटला हाये!" मी हात धरला नसता तर त्यांनी भर ऑफिसात निऱ्या सोडून दाखवल्या असत्या.

अहो, आमच्या गल्लीत एकीकडेही बिनखोटीची साडी नाही. ज्या साड्या बाजारात चालत नाहीत त्याच आमच्या अंगावर येतात. खोट कुठल्या चुणीत दडवायची आणि पिन कुठं लावायची, हे आम्हाला बरोबर कळतं. लाज कसली त्यात? मला तर त्याचा अभिमान आहे.

मॅडम हसायला लागल्या, पण आता हसणं वेगळं होतं. रत्नाकाकूंच्या पिशवीत व्यापाऱ्याला द्यायची एक साडी होती. मी तिचं एक टोक मॅडमच्या हातात दिलं, दुसरं रत्नाकाकू धरून मागं सरकायला लागल्या. खुर्च्या संपल्या, कपाट आलं, तरी साडी सैलच! शेवटी त्या दाराबाहेर पॅसेजमध्ये गेल्या. रांगेतली माणसं साडीखालून वाकून जायला लागली, अगदी आमच्या गल्लीतल्यासारखी.

"आता सांगा, हे घरात कुठं करू?" मी विचारलं.

मॅडमनी टोक हातात धरूनच क्लार्कला बोलावलं आणि आमचं म्हणणं पहिल्यापासून लिहायला सांगितलं.

पालिकेचं मत बदललं का? नाही. पाठिंबा आहे तो आहेच. पण त्याच्या खाली एक शिफारस जोडलीय... जिथं ओटल्यावर काम करून लोक पोट भरतात, तिथं त्यांचं ऐकून घेतल्याशिवाय तोडफोड करू नये. गांधीनगरला ती कुणी वाचेल की नाही, देव जाणे. मॅडमचे मात्र मनापासून आभार, त्यांनी ते टोक मध्येच सोडलं नाही.

भीतीनं गल्लीतल्या दोघांनी आपले ओटले स्वतःच फोडायला घेतलेत. माझा नवराही म्हणाला, आता ओटल्यावर एक वीटसुद्धा खर्च करू नकोस.

मी रविवारी मिस्त्री बोलावला आणि ओटल्यावर नवी कोटा फरशी बसवून घेतली. पाडायला येणाऱ्यानं निदान घाम तरी गाळावा!